फाइल उघडली, वेळापत्रक पोचले का?

प्रकल्पाचे वेळापत्रक एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवणे हे काम इतके किरकोळ समजले जाते की त्यावर कुणी पुस्तिका लिहावी, याचेच नवल वाटावे. फाइल ईमेलला जोडायची, 'सोबत जोडली आहे, पोच द्यावी' एवढे लिहायचे आणि मोकळे व्हायचे. समोरच्याकडे सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असली तर फाइल उघडत नाही. मग फोन होतो, 'जरा जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून पाठवा' असा निरोप येतो, दहा मिनिटांत दुसरी फाइल येते, ती उघडते आणि काम झाले असे दोन्ही बाजू धरून चालतात. खरी अडचण या दुसऱ्या फाइलपासून सुरू होते. न उघडणारी फाइल निदान आपले दुखणे सांगते तरी. उघडून निराळ्याच तारखा दाखवणारी फाइल गप्प असते आणि तिच्या गप्प राहण्याचा पत्ता बैठकीत, बिलाच्या वेळी किंवा थेट लवादापुढे लागतो. म्हणून या पुस्तिकेत एकच गोष्ट आग्रहाने मांडली आहे: जुन्या-नव्या आवृत्त्यांचा मेळ घालण्याचे काम संगणक विभागाच्या गळ्यात घालून भागणार नाही. काय राखायचे आणि काय सोडायचे हा निर्णय वेळापत्रकाशी ज्यांचे पैसे आणि मुदती बांधलेल्या आहेत त्या दोन्ही पक्षांनी घ्यायचा आहे, आणि तो पहिली फाइल निघण्याआधी घ्यायचा आहे.

हा आग्रह अवाजवी वाटू नये म्हणून आधी वेळापत्रकाची फाइल इतर फाइलींपेक्षा वेगळी का, ते पाहू. वर्डचे पत्र जुन्या आवृत्तीत उघडले तर फारतर अक्षरांचा आकार बदलेल, तक्त्याची चौकट सरकेल. मजकूर तोच राहील. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रिमावेराच्या फाइलीत मात्र दिसणाऱ्या बहुतेक तारखा कुणी टंकलेल्या नसतात. माणूस कामांचा कालावधी, त्यांची एकमेकांवरची अवलंबने, कॅलेंडर आणि बंधने भरतो. तारखा सॉफ्टवेअर काढते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँ कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत उभी राहिली तेव्हापासून हे असेच आहे: तारीख हे उत्तर असते, नोंद नसते. आणि उत्तर गणित करणाऱ्यावर अवलंबून असते. मराठी वाचकाला याचा दाखला लांब शोधायला नको. आकाश एकच असून दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांचे गणित निराळे असल्यामुळे काही वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर पुढेमागे येतात. तिथे निदान कोण कुठले पंचांग पाळतो हे सगळ्यांना ठाऊक असते. प्रकल्पाच्या फाइलीबरोबर ते कुणी सांगत नाही.

आता फॉरमॅटचा इतिहास, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट १९८४ मध्ये डॉसवर आले. विंडोजवर आल्यानंतर त्याची फाइल एमपीपी या शेपटीने ओळखली जाऊ लागली, आणि ती शेपटी आजतागायत तीच आहे. घोटाळ्याचे निम्मे मूळ इथेच आहे. नाव एक, पण आतली रचना किमान चार वेळा बदलली: प्रोजेक्ट ९८ ची एक, २०००, २००२ आणि २००३ या तिघांची मिळून दुसरी, २००७ ची तिसरी, आणि २०१० मध्ये आलेली चौथी, जी २०१३, २०१६ आणि २०१९ नेही चालू ठेवली. २००७ मध्ये वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट यांच्या फाइलींना नवी शेपटी आणि उघडी, एक्सएमएलवर आधारलेली रचना मिळाली. प्रोजेक्टला त्यातले काहीच मिळाले नाही. एमपीपी बंद बायनरी पेटीच राहिली. डॉक आणि डॉक्स यांतला फरक शिपायालाही फाइलीच्या नावावरून कळतो. एमपीपी कुठल्या काळातली आहे हे ती उघडेपर्यंत, किंवा न उघडेपर्यंत, कळत नाही. त्यात भर म्हणजे, २००७ पासून सॉफ्टवेअर सुरक्षेच्या कारणाने जुन्या फॉरमॅटच्या फाइली आपणहून उघडत नाही; सेटिंगमध्ये जाऊन तशी परवानगी द्यावी लागते. नवीन आवृत्तीत जुनी फाइल उघडलीच पाहिजे, असे गृहीत धरणाऱ्याला हा पहिला धक्का असतो, आणि तो निरुपद्रवी आहे. मागे जाण्याची वाट मात्र दरवेळी अरुंद होत गेली आहे. २०१० ची आवृत्ती २००७ आणि २०००–२००३ अशा दोन्ही जुन्या रचनांत फाइल लिहू शकत होती. २०१३ पासून पुढे फक्त २००७ ची रचना उरली. त्यामुळे आज नव्या यंत्रावरून २००३ पर्यंत पोचायचे तर मध्ये २००७ किंवा २०१० ची एखादी प्रत टप्पा म्हणून हाताशी लागते, नाहीतर एक्सएमएलचा वळसा घ्यावा लागतो.

वाट अरुंद असली तरी आहे, मग तक्रार कसली, असे कुणी म्हणेल. तक्रार वाटेत काय गळते याची आहे. त्यातले सर्वांत महाग नुकसान जरा जवळून पाहू. २०१० च्या आवृत्तीत 'मॅन्युअली शेड्यूल्ड' कामे आली. म्हणजे एखाद्या कामाची तारीख नियोजकाने हाताने लिहावी आणि सॉफ्टवेअरने तिला हात लावू नये. एवढेच नव्हे, कालावधीच्या रकान्यात आकड्याऐवजी 'कन्सल्टंटला विचारणे' असा मजकूरही लिहिता येऊ लागला. शिवाय नव्या कामासाठी हाच प्रकार आपोआप निवडलेला असतो, त्यामुळे शिकाऊ नियोजकाच्या फाइलीत अशी कामे त्याच्या नकळत डझनांनी सापडतात. आता कल्पना करा की एका उड्डाणपुलाचा प्रकल्प १ जूनला सुरू होतो. रुळांवर गर्डर ठेवण्यासाठी रेल्वेचा ब्लॉक फेब्रुवारीत मिळणार आहे, म्हणून नियोजकाने त्या कामापुढे फेब्रुवारीची तारीख हाताने लिहिली आणि त्याला कुठलेही आधीचे काम जोडले नाही. जोडणार तरी कुठले? रेल्वेची परवानगी हे काही त्याच्या यादीतले काम नाही. ही फाइल २००७ च्या रचनेत सेव्ह केली की हाताने लिहिलेली कामे आपोआप तारीख काढणाऱ्या कामांत बदलतात, कारण जुन्या आवृत्तीला दुसरा प्रकारच माहीत नाही. आणि ज्या आपोआप कामाच्या मागे ना अवलंबन आहे ना बंधन, त्याला सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या पहिल्या दिवसाकडे ढकलते. फेब्रुवारीतला गर्डर भर पावसाळ्याच्या तोंडावर, १ जूनला येऊन बसू शकतो. सेव्ह करताना सॉफ्टवेअर इशारा देते, हे खरे. पण तो इशारा पाठवणाऱ्याच्या पडद्यावर येतो, आणि फोनवर घाई करणारा माणूस तिकडे असताना तो इशारा वाचला जात नाही. 'ओके' दाबले जाते. ज्याच्याकडे फाइल जाते त्याला कसलाही इशारा मिळत नाही.

बाकीची गळती याहून सौम्य असली तरी फसवी आहे. २००७ मध्ये सुट्ट्यांना नावे देता येऊ लागली, ओळींना रंग भरता येऊ लागले. मागे जाताना रंग जातात, आणि 'लाल ओळी म्हणजे भूसंपादन अडलेले' असा ज्या कार्यालयाचा संकेत असेल त्याचा अर्धा अहवाल त्या रंगांबरोबर जातो. दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. प्रोजेक्टच्या पोटात काम दिवसांत मोजलेले नसते. एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आठ तासांच्या एका दिवसाचा कालावधी 'पीटी८एच०एम०एस' असा तासांत लिहिलेला दिसतो. पाच दिवसांचे काम म्हणजे चाळीस तास, पण ते आठ तासांच्या दिवसाने भागले तर. साइटवर दहा तासांची पाळी असेल आणि दिवसाचे सेटिंग आठवरच राहिले असेल तर दहा दिवसांचे काम पडद्यावर साडेबारा दिवसांचे होते. पुष्कळ वाद याच एका भागाकारातून उगवतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात.

प्रिमावेराची गोष्ट वरकरणी सोपी वाटते. १९८३ मध्ये अमेरिकेत निघालेली आणि २००८ मध्ये ओरॅकलने विकत घेतलेली ही मंडळी देवाणघेवाणीसाठी एक्सईआर ही साधी मजकुराची फाइल वापरतात. तिची पहिलीच ओळ 'ईआरएमएचडीआर' या अक्षरांनी सुरू होते आणि तिथेच आवृत्तीचा क्रमांक असतो. फाइल बाहेर काढताना कुठल्या आवृत्तीसाठी काढायची हे विचारले जाते. एमपीपीच्या मानाने हा प्रामाणिकपणा मोठा आहे. जुन्या आवृत्तीने नवी फाइल नाकारली की आपल्याकडचे नियोजक ती नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या ओळीतला आकडा खाली आणतात आणि फाइल आत घेतात. युक्ती पुष्कळदा चालते. पण त्या आकड्याने फक्त दार उघडते. आतले सामान जुन्या घराच्या मापाचे होत नाही. जी माहिती जुन्या आवृत्तीला ठाऊकच नाही ती कुठे पडली हे कुणी सांगत नाही. एक्सईआरचे आणखी एक कुप्रसिद्ध दुखणे म्हणजे 'पीओबीएस' नावाचा तक्ता, ज्यात निरुपयोगी ओळींचे ढीग साचून लहानशा प्रकल्पाची फाइल अवाढव्य होते आणि तासन्‌तास आत जात नाही. त्या ओळी हाताने काढून टाकणे हा आता या धंद्यातला रूढ उपाय झाला आहे. करारातला पुरावा असलेली फाइल नोटपॅडने साफ करणे सर्वांनाच रूढ वाटावे, हे काही ठीक नव्हे. प्रिमावेरातून प्रोजेक्टकडे जाताना तर तर्कच बदलतो. प्रिमावेरा दोन कामांमध्ये एकाहून अधिक दुवे ठेवू देते, म्हणजे पाइपलाइनचे खोदकाम सुरू झाल्यावर पाइप टाकणे सुरू व्हावे आणि खोदकाम संपल्यावरच पाइप टाकणे संपावे असे दोन्ही लिहिता येते. प्रोजेक्ट त्या दोन कामांमध्ये एकच दुवा मान्य करते. दोनांतला कुठला ठेवायचा हे रूपांतर करणारे यंत्र ठरवते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: सगळ्यांनी नवीन आवृत्ती घ्यावी, प्रश्न संपला. हा आक्षेप प्रकल्पांचे आयुष्य आणि सॉफ्टवेअरचे आयुष्य यांची सांगड घालायला विसरतो. मुंबईच्या मेट्रो ३ चे, कुलाबा–वांद्रे–सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गाचे भुयारी खोदकाम २०१७ मध्ये सुरू झाले आणि शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला. मुद्दा फक्त कालावधीचा आहे. त्या आठ वर्षांत मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्टच्या २०१९, २०२१ आणि २०२४ अशा तीन आवृत्त्या काढल्या, आणि त्याच ऑक्टोबरच्या १४ तारखेला २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार संपला. म्हणजे एक मोठा प्रकल्प नव्या आवृत्तीवर सुरू झाला तरी तो जुन्या आवृत्तीवर संपतो. मध्येच बदलायचे तर बेसलाइनसकट सगळे हलवावे लागते. शिवाय 'सगळ्यांनी' यात कोण कोण येते ते मोजून पाहावे. मुख्य कंत्राटदार, चार-पाच पोटकंत्राटदार, सल्लागार, सरकारी खात्याचे विभागीय कार्यालय, कर्ज देणारी बँक. परवान्यांचा खर्च कंत्राटदार करेलही; विभागीय कार्यालयातला संगणक खरेदी समितीच्या वेगाने बदलतो.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. फाइलच नको, सगळे क्लाउडवर ठेवा, म्हणजे आवृत्तीचा प्रश्नच उरत नाही. एकाच कंपनीच्या आत हे खरे आहे, आणि तिथे आम्हीही तेच सुचवतो. पण वेळापत्रक कंपनीच्या आत कमी आणि कंपन्यांच्या मध्ये जास्त फिरते, आणि दुसऱ्याच्या क्लाउडवर आपला दावा उभा करायला कुणी राजी नसते. शिवाय क्लाउडलाही मुदत असते: प्रोजेक्ट ऑनलाइन ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे. तिसरा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने येतो आणि त्याला मान दिला पाहिजे. एमपीएक्सजे नावाच्या मुक्त लायब्ररीने प्रोजेक्ट ९८ पासूनच्या एमपीपी फाइली वाचण्याची किमया केली आहे, आणि २०१२ मध्ये आलेले प्रोजेक्टलिब्रे तिच्याच जोरावर त्या उघडते. अडलेल्याची सोय म्हणून याला तोड नाही. पण वाचणे निराळे आणि मूळ गणित तसेच करणे निराळे. त्या लायब्ररीला एमपीपी परत लिहिता येत नाही, आणि उघडलेल्या फाइलीवर पुढचे गणित होते ते प्रोजेक्टलिब्रेच्या स्वतःच्या पद्धतीने. पीडीएफ पाठवून मोकळे होणाऱ्यांना एवढेच सांगायचे की पीडीएफमध्ये तारखा असतात, तारखांची कारणे नसतात. विलंब कुणामुळे झाला हे कारणांवर ठरते.

आणि हा कारणांचा हिशेब आता कायद्याच्या मंडळींनीही गंभीरपणे घेतला आहे. ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा विलंबाविषयीचा प्रोटोकॉल, ज्याची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली, वेळापत्रक मूळ इलेक्ट्रॉनिक रूपात द्यावे असे सांगतो. फिडिकच्या २०१७ च्या कराररचनेत कार्यक्रम कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहावे आणि कागदी प्रतीबरोबर इलेक्ट्रॉनिक प्रतही द्यावी अशी तरतूद आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे, पण अर्धेच आहे, कारण सॉफ्टवेअरचे नाव लिहून आवृत्ती मोकळी सोडता येते. आपल्याकडच्या निविदांमध्ये तर 'प्रिमावेरा किंवा एमएस प्रोजेक्टची लेटेस्ट व्हर्जन' असे शब्द सर्रास दिसतात. आमच्या मते त्या वाक्यातला 'लेटेस्ट' हा सर्वांत घातक शब्द आहे. लेटेस्ट कधीची? निविदा भरली त्या दिवशीची, काम सुरू झाले त्या दिवशीची, की लवादासमोर फाइल उघडली जाईल त्या दिवशीची? काहीच न लिहिणे याहून बरे. निदान मग विचारावे तरी लागते.

तेव्हा लिहायचे काय, तर सॉफ्टवेअरचे नाव, सर्व्हिस पॅकसकट आवृत्ती, फाइलीचा फॉरमॅट, आणि दिवस-आठवड्याचे तास व कॅलेंडर. देवाणघेवाणीची फाइल साखळीतल्या सर्वांत जुन्या आवृत्तीला समजेल अशाच साधनांनी बनवायची: हाताने लिहिलेली तारीख नको, तिच्याऐवजी 'अमुक दिवसाआधी सुरू नको' असे उघड बंधन घालायचे आणि त्याचे कारण टिपणात लिहायचे. वरच्या उदाहरणातला गर्डर एवढ्याने फेब्रुवारीत टिकतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो पडताळा. फाइलीबरोबर प्रकल्प संपण्याची तारीख, कामांची संख्या, दुव्यांची संख्या, क्रिटिकल कामांची संख्या आणि एकूण कामाचे तास एवढे पाच आकडे पाठवायचे. घेणाऱ्याने फाइल उघडून आपल्या पडद्यावरचे तेच पाच आकडे पोच म्हणून कळवायचे. आकडे जुळले नाहीत तर फाइल पोचली नाही असे समजायचे, उघडली असली तरीही. जतन करण्यासाठी मूळ फाइल, तिचे एक्सएमएल रूप आणि पीडीएफ अशा तीन प्रती एकत्र ठेवायच्या. एक्सएमएलमध्ये दृश्ये, फिल्टर आणि सजावट येत नाही, म्हणून रोजच्या कामाला ते अपुरे आहे. पण ज्या दिवशी कुठलेच सॉफ्टवेअर ती जुनी एमपीपी उघडणार नाही त्या दिवशी नोटपॅडमध्ये वाचता येईल असे तेवढेच उरलेले असेल.

सर्वांत जुन्या आवृत्तीला धरून चालायचे म्हणजे नव्या सोयींवर पैसे खर्च करून त्या न वापरण्याची शिक्षा, असे काही नियोजक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नव्या सोयी वाईट नाहीत. हाताने तारीख लिहिण्याची सोय तर कच्चा आराखडा करताना फार उपयोगी आहे. त्या आपल्या कार्यालयात मनसोक्त वापराव्यात. बाहेर जाणारी फाइल मात्र वेगळी बनवावी, जसा हिशेबाचा कच्चा कागद बिलाला जोडत नाहीत. यात दर महिन्याला काही तासांचे काम वाढते, हे आम्ही लपवत नाही. ज्या प्रकल्पात सहा माणसे आणि चाळीस कामे आहेत तिथे हा खटाटोप करू नये. पीडीएफ आणि एक फोन पुरे. पण जिथे मुदतवाढ आणि दंड यांचे आकडे कोटींत जातात, तिथे हे काही तास वाचवणे ही काटकसर नव्हे.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लिहिली आहेत: आधी प्रोजेक्टच्या आवृत्त्या, मग प्रिमावेरा, मग या दोहोंमधला प्रवास, आणि शेवटी करारात घालता येतील अशा कलमांचे मसुदे. मसुदे जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्या वकिलाला दाखवावेत. तक्ते मात्र थेट वापरता येतील, फक्त त्याआधी प्रत्येकाने आपल्याकडे नेमके काय आहे ते पाहून घ्यावे. प्रोजेक्ट २०१३ किंवा त्यानंतरचे असेल तर 'फाइल' मेनूतल्या 'अकाउंट'मध्ये, २०१० असेल तर त्याच मेनूतल्या 'हेल्प'मध्ये आणि त्याहून जुने असेल तर वरच्या 'हेल्प' मेनूतल्या 'अबाउट'मध्ये आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक लिहिलेला सापडेल. तो कागदावर उतरवून घ्या, ज्यांना आपण फाइली पाठवता त्यांच्याकडूनही मागवून घ्या, आणि मगच पहिले प्रकरण उघडा.